एचडी आधी कुणाकडे आलं?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी मध्ये थांबणार नाही. एक माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून, हातात रिमोट धरून किती मोठा गाढवपणा करू शकतो? तुम्हाला वाटतं त्याहून बराच मोठा! थांबा, चहा येऊ दे. सांगतो.

मी चित्रकलेचा मास्तर. सगळी हयात पोरांना रंग शिकवण्यात गेली. निवृत्त झालो, तरी रंगाच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, ही खोड काही गेली नाही. माझी बायको सुमन साडीच्या दुकानात मला बाहेरच्या बाकावर बसवते, ती याच कारणानं.

आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. एकाला एक चिकटलेली घरं. आमच्या भिंतीला भिंत लावून भामरे राहतात. मूळचे सटाण्याकडचे, पाटबंधारे खात्यात कारकून होते, आता माझ्यासारखेच निवृत्त. एरवी छान शुद्ध बोलतात. पण राग आला किंवा आनंद झाला, की गाडी थेट अहिराणीवर!

आता या भामऱ्यांचं आणि माझं नातं कशावरून जुळलं, तर टीव्हीवरून. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा अख्ख्या ओळीत टीव्ही फक्त आमच्याकडे. लाकडी खोका, पुढे सरकणारी दारं, दाराला कुलूप! संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. आणि चित्र? चित्रात माणसं कमी, मुंग्याच जास्त. मग भामरे गच्चीवर चढायचे. मी जिन्यात अर्ध्यावर. सुमन टीव्हीपाशी. भामरे वरून ओरडायचे, "आलं का?" मी खाली ओरडायचो, "आलं का?" सुमन म्हणायची, "गेलं!" मी वर ओरडायचो, "गेलं! जरा पांडवलेण्याकडे फिरवा!" अँटेना पांडवलेण्याकडे वळली की चित्र यायचं, आवाज जायचा. आवाज आला की भामऱ्यांचा हात सुटायचा. एकदा तर सगळं जमलं, चित्र आरशासारखं स्वच्छ, आणि तेवढ्यात अँटेनेवर कावळा बसला. भामरे अर्धा तास त्या कावळ्याशी अहिराणीत बोलत होते.

काय दिवस होते! 'प्रक्षेपणात व्यत्यय' अशी पाटी आली, तरी एक माणूस उठायचा नाही. सगळे पाटीकडेच बघत बसायचे. कुणी सांगावं, आपण उठायचो आणि तेवढ्यात सुरू व्हायचं.

असो. आता घरोघरी टीव्ही, घरोघरी डिशची छत्री, घरोघरी दार बंद. टीव्हीवर बोलायचं ते फक्त संध्याकाळी, कॉलनीच्या बागेतल्या बाकावर. आणि गेल्या वर्षी त्या बाकावर एकच विषय होता. एचडी!

झालं असं, की आमच्या डिश कंपनीनं पडद्याखाली एक पट्टी सोडली. 'तुमचे आवडते मराठी चॅनेल लवकरच एचडीमध्ये.' भामऱ्यांची कंपनी वेगळी, पण पट्टी तीच. महिना गेला, दोन गेले, चार गेले. पट्टी रोज यायची, एचडी यायचं नाव नाही. आम्ही बाकावर बसलो की नळाच्या पाण्याची चौकशी करावी तसं पहिलं वाक्य हेच, "तुमच्याकडे आलं का?"

"नाही. तुमच्याकडे?"

"पट्टीचा रंग बदललाय."

"म्हणजे जवळ आलं!"

मधल्या काळात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आधी उजवा डोळा, दोन महिन्यांनी डावा. ऑपरेशन झालं, काळा चष्मा लागला. डॉक्टर म्हणाले, "सर, आठवडाभर टीव्ही नाही. आणि घाई करू नका, नजर स्थिर व्हायला महिना लागेल." हे 'महिना' नीट ऐका. पुढचा सगळा घोळ या महिन्यानं केला! मी मनात पक्कं धरलं, की महिना होईपर्यंत डोळ्यात काही फरक पडायचा नाही.

सुमननं टीव्हीवर चादर टाकली. आठ दिवस मी नुसता रेडिओ ऐकला.

नवव्या दिवशी संध्याकाळी चादर काढली, काळा चष्मा काढला, टीव्ही लावला. बातम्या चालू होत्या. आणि काय सांगू! बातम्या देणाऱ्या बाईंची साडी मोरपंखी! पाठीमागं आकाश, निळंशार! आठ दिवसांपूर्वी हेच आकाश मला पाणचट चहासारखं दिसत होतं हो. बाईंच्या कानातला मोती न् मोती मोजून घ्यावा!

मी खुर्चीतून उडालो. "सुमे! आलं! एचडी आलं!"

सुमन हात पुसत बाहेर आली. पडद्याकडे बघितलं. "कुठं? मला तर पहिल्यासारखंच दिसतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं? हा निळा बघ, हा निळा!"

"निळा निळाच असतो," ती म्हणाली आणि आत गेली.

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं वाक्य अर्ध्यावर सोडून मी कितीदा पस्तावलोय! पण शिकलो का? नाही. मी तडक भिंतीवरून हाक मारली. "भामरे! या लवकर! आमच्याकडे आलं!"

भामरे चपला न घालता आले. डोळे बारीक करून पडद्यासमोर उभे राहिले. पुढं गेले, मागं आले. "सर, मला फार काही वेगळं वाटत नाही."

"भामरे, याला नजर लागते. ही साडी कोणत्या रंगाची?"

"हिरवी."

"हिरवी! अहो, मोरपंखी आहे ती. साध्या टीव्हीवर मोरपंखी दिसतच नाही, शेवाळी दिसते. आठवड्यापूर्वी मी स्वतः शेवाळी बघितलीय!"

भामरे बिचारे विचारात पडले. जन्मभर फायली बघितलेला माणूस, त्याच्यासमोर मी मोरपंखी आणि शेवाळी टाकलं. पुन्हा एकदा बघितलं त्यांनी, मान हलवली. "हां... आता तुम्ही म्हणता तर दिसतंय थोडं. आमची कंपनी मात्र नुसती पट्टी दाखवते, सर."

"मग बदला ना कंपनी! आमची घ्या!"

हे मी म्हणालो. याच तोंडानं. आणि भामरे म्हणजे सर सांगतील ती पूर्व दिशा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जुन्या कंपनीला रामराम ठोकला. बारा वर्षांची छत्री गच्चीवरून खाली आली. भामरे वहिनी कुरकुरल्या, "अहो, आधी आठ दिवस बघा तरी!" त्यावर भामरे काय म्हणाले माहितीये? "सरांनी बघितलंय. ते चित्रकलेचे आहेत."

नवी छत्री बसवायला सिन्नरकडचा एक माणूस आला. चाळिशीचा, मिशीवाला, खांद्यावर वायरचं भेंडोळं. तो गच्चीवर गेला, आणि माझं काय झालं कोण जाणे, मी आपोआप भामऱ्यांच्या जिन्यात अर्ध्यावर जाऊन उभा राहिलो. भामरे खाली टीव्हीपाशी. तीस-पस्तीस वर्षांनी! छाती भरून मी ओरडलो, "आलं का?"

भामरे आतून तितक्याच जोरात ओरडले, "नाही आलं!"

वरून मिशीवाला वाकून म्हणाला, "काका, घसा कशाला फोडताय? माझ्याकडं मीटर हाय. सिग्नल लागला की ते पीं करतंय."

पीं झालं. भामऱ्यांनी बातम्या लावल्या. तेच चॅनेल, त्याच बाई. भामरे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एचडी कुठंय?"

"एचडी अजून नाय आलं ना काका. लवकरच हाय."

"असं कसं? यांच्याकडे आलंय!"

"कुणाकडं? साऱ्या जिल्ह्यात नाय आलं."

मी पुढं झालो. म्हटलं, चला माझ्या घरी, दाखवतो. आम्ही तिघं, मागून भामरे वहिनी, अशी वरात आमच्या हॉलमध्ये आली. मी ऐटीत टीव्ही लावला. मिशीवाल्यानं रिमोट घेतला, एक बटण दाबलं, पडद्यावर कोपऱ्यात काहीतरी आलं. "हे बघा, साधंच हाय. नुसतं साधं."

"साधं? हे आकाश बघा! आठवड्यापूर्वी हे पिवळट होतं!"

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडे, मग टेबलावरच्या काळ्या चष्म्याकडे, मग औषधाच्या थेंबांच्या बाटलीकडे. आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काका, जरा खिडकीतून बाहेर बघता का?"

मी बाहेर बघितलं.

काय सांगू! समोरच्या बोगनवेलीचा रंग अंगावर आला. आभाळ तसंच निळंशार. पलीकडच्या गच्चीवर वाळत टाकलेला टॉवेल, त्याच्या कडेची रेघ न् रेघ. सगळं नाशिक एचडीत!

"आमच्या आईचंबी झालं आप्रेशन," तो म्हणाला. "ती आठ दिवस म्हणत होती, सुनेनं भांडी लय चकचकीत घासली."

मी वळलो. समोर भामरे उभे होते. आणि मला भामरे दिसले. कितीतरी वर्षांनी नीट दिसले. कपाळावर आठ्या, डोळ्यांखाली सुरकुत्या, केसांत एक काळा उरला नव्हता. माझ्या डोक्यात तर अजून तो गच्चीवर कावळ्याशी भांडणारा भामरेच होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "भामरे, तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?"

ही काय बोलायची वेळ होती का? सांगा! भामऱ्यांचा चेहरा लाल झाला. चांगला एचडी लाल!

"मनी बारा वरीसनी छत्री काढी टाकी मी! तुमना एक डोयाना भरवसावर!" एवढं बोलून ते निघून गेले.

सुमन दारात उभी होती. न बोलता बायका किती बोलतात, ते मला त्या दिवशी फार स्पष्ट दिसलं.

पुढं पाच-सहा आठवडे भामरे बोलले नाहीत. बाक सोडून बागेतल्या पलीकडच्या कट्ट्यावर बसायला लागले. मी एकटाच बाकावर. 'तुमच्याकडे आलं का' विचारणारं कुणी नाही. खरं सांगतो, एचडीचं मला काही पडलं नव्हतं. ते येऊ नये, नुसती वाट बघत रोज त्यावर बोलता यावं, एवढंच हवं होतं की काय कोण जाणे. दोनदा माफी मागायला त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोनदा बेल न वाजवता परत आलो.

मग डावा डोळा झाला. पुन्हा काळा चष्मा, पुन्हा आठ दिवस चादर, पुन्हा रेडिओ.

नवव्या दिवशी टीव्ही लावला. आणि चित्र! मागच्या वेळचं त्यापुढं काहीच नाही. बाईंच्या साडीचा धागा दिसतोय, पदराची वीण दिसतेय! पण आता मी शहाणा होतो. गालातल्या गालात हसलो. म्हटलं, वा रे डाव्या, तू तर उजव्याच्याही वर निघालास!

सुमन म्हणाली, "अहो, चित्र किती सुरेख दिसतंय हो!"

"डोळ्याची करामत आहे, सुमे."

"पण मलासुद्धा दिसतंय."

"माझं ऐकून ऐकून तुला तसं वाटतंय. मागं भामऱ्यांना नाही का थोडं थोडं दिसलं? याला मनाचे खेळ म्हणतात."

ती खांदे उडवून बघायला बसली. मी रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचो, मनातल्या मनात डॉक्टरांचे आभार मानायचो आणि गप्प. चकार शब्द कुणाला बोललो नाही. एकदा हात पोळलेला माणूस मी!

आठवड्यानं बेल वाजली. दारात भामरे. हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा फुललेला.

"सर, झालं गेलं विसरा. तुमच्यामुळं मी कंपनी बदलली, म्हणून मला मिळालं. जुनीवाली अजून पट्टीच दाखवतेय! घ्या, पेढा घ्या."

"कसला पेढा?"

"एचडीचा! आलं ना! आठ दिवस झाले. तुम्ही तर सगळ्यांच्या आधी ओरडणार, असं वाटलं होतं. म्हटलं, सर अजून गप्प कसे?"

मी हसलो. हात वर केला. अगदी समजुतीच्या सुरात म्हणालो, "भामरे, भुलू नका. मलाही दिसतंय तसं. पण ते एचडी नाही. ऑपरेशनमुळं तसं दिसतं."

भामऱ्यांचा पेढा धरलेला हात तसाच हवेत. मग त्यांच्या आनंदाचा बांध फुटला आणि अहिराणी बाहेर पडली.

"अहो सर, आप्रेशन तुमना डोयास्नं जयं! मना डोया जुनाच शेत!"

म्हणजे त्यांचे डोळे जुनेच, आणि तरी त्यांना दिसतंय! आतून सुमनचं हसू ऐकू आलं. ती आठ दिवस ते दाबून बसली होती म्हणे.

तर अशी गंमत. अख्ख्या कॉलनीत एचडी सगळ्यात शेवटी कुणाला दिसलं? ज्याचे दोन्ही डोळे नवेकोरे होते, त्याला.