नारळ फोडणाऱ्याचे क्रियापद

डोंबिवलीच्या कारखान्यात टाक्या धुतल्यावर उरलेले सॉल्व्हेंट आम्ही विल्हेवाटीसाठी पाठवून देत असू. ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा वापरता येईल, असे मी सुचवले तेव्हा आमचे विभागप्रमुख सर म्हणाले होते, "अगं, नोकरी करायला आलीयस की पीएचडी?" मी तरीही प्रयोग रेटले. अखेर संयंत्र उभे राहिले. पूजा झाली, सरांनी नारळ फोडला, ऑपरेटरने बटण दाबले.

मग ठाण्याला, नौपाड्यातल्या मुख्य कार्यालयात सादरीकरण ठरले. दुसरे संयंत्र कोणाच्या हाती द्यायचे हे त्यावरून ठरणार होते, आणि ते मला हवे होते. सरांनी तयार केलेल्या स्लाइडवर त्यांच्या नावापुढे 'इनिशिएटेड' होते, माझ्या नावापुढे 'स्टार्टेड'.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"दोन्हींचा अर्थ सुरू करणं," सर म्हणाले. "शब्दांत काय अडकतेस?"

"अर्थ एकच असेल, तर अदलाबदल करू या."

अर्थ एकच नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होते. स्टार्ट पंखाही करतात. बिगिन डोकेदुखीसुद्धा होते, कोणी न करता. कमेन्स हा सूचनाफलकावरचा शब्द. त्यात करणारा माणूस दिसतच नाही. इनिशिएट मात्र आम्हा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचे. पॉलिमरची साखळी ज्या रेणूमुळे सुरू होते तो इनिशिएटर. साखळी कितीही वाढो, त्याचा अंश बहुधा तिच्या टोकाला राहतोच.

"मग माझ्यासाठी काय ठेवलंयस?" त्यांनी विचारले.

"इनॉगरेटेड. नारळ तुम्हीच फोडलात, सर."

"फार शहाणी झालीस."

स्लाइड बदलली नाही. सादरीकरणात संचालकांनी विचारले, "पहिल्या चाचणीत फेस का आला होता?" सरांनी माझ्याकडे पाहिले. "सांग गं."

"सांगते. त्याआधी दोन शब्द दुरुस्त करते."

मी लॅपटॉप पुढे ओढला आणि पडद्यावर, सगळ्यांदेखत, दोन्ही क्रियापदे बदलली: माझ्या नावापुढे 'इनिशिएटेड', सरांच्या नावापुढे 'इनॉगरेटेड'. मग फेसाबद्दल बोलले. सर तोवर पाण्याची बाटली उघडत होते.

दुसऱ्या संयंत्राचा निर्णय अजून झालेला नाही. त्याच्या चाचण्यांचा आराखडा मी कोणी सांगण्याआधीच करून पाठवला आहे. पूजेचा नारळ सरांनी फोडावा. त्याला माझी हरकत नाही.