न चिकटवलेला सांधा

माणसाला टोपणनाव पडतं ते बहुधा त्याला चिडवायला. पक्केराव मात्र आपलं टोपणनाव मिरवायचे. दारंखिडक्यांच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म घालवला होता, आणि त्यांनी जोडलेली चौकट कधी हलत नाही हे त्यांच्यावर जळणारेसुद्धा मुकाट कबूल करायचे. "पक्कं आहे ना?" असं कुणी विचारलं की ते उत्तर देत बसायचे नाहीत, सरळ चौकटीला लाथ घालून दाखवायचे.

मग कारखान्यात नवी यंत्रं आली, हाताने काम करणारा विभाग बंद झाला आणि पक्केराव घरी बसले. बसले कसले! त्यांनी घरातली एकेक वस्तू आवळून काढली. टेबलाचे पाय झाले, खुर्च्या झाल्या, बिजागऱ्या झाल्या. शेवटी कपाट उघडायला बायकोला भिंतीला पाय लावून दार ओढावं लागलं, तेव्हा ती म्हणाली, "अहो, आता या घरात माझे गुडघेच तेवढे आवळायचे राहिलेत. त्याआधी बाहेर पडा आणि काहीतरी काम शोधा."

ती गमतीने बोलली, पण पक्केरावांना ते लागलं. काम त्यांनी शोधलं नव्हतं असं थोडंच आहे? पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण उभं करतं? सगळीकडे चहा मिळायचा, काम मिळायचं नाही.

गल्लीच्या टोकाला पाइपवाल्या बाईंचं दुकान होतं. पुढे काचेची खिडकी, मागे एकच खोली, आणि त्या खोलीत बाई तंबाखूचे लाकडी पाइप हाताने घडवायच्या. त्यांच्या दुकानाचं दार जमिनीला घासतं हे पक्केरावांना रस्त्यावरून जातानाही सहन व्हायचं नाही. त्या दिवशी ते न बोलावता आत शिरले, दार काढलं, रंधलं आणि परत बसवलं. बाईंनी हातातली कानस खालीसुद्धा ठेवली नाही.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "पण उशीर केलात. माझी बोटं आता ऐकत नाहीत. महिनाअखेरीला व्यापारी येतोय, बाक, लेथ, हत्यारं सगळं उचलणार."

पक्केरावांनी त्या बाकाकडे पाहिलं. जाडजूड, वापरून गुळगुळीत झालेला, एका टोकाला लाकूड आवळून धरायचा शेगडा बसवलेला. गेले कित्येक महिने त्यांच्या हातांना टेकायला असा बाक मिळाला नव्हता. तोंडातून निघून गेलं, "मला शिकवा."

बाई मनापासून हसल्या. "तुमचे हात दाराचे. हे काम मुठीत मावणारं आहे."

"लाकूड ते लाकूडच की."

"असं? मग ऐका. महिनाअखेरीच्या आत मला एक पाइप करून द्या. मी स्वतः ओढून बघेन. मध्ये विझला नाही, तोंडात कडू पाणी आलं नाही, तर बाक तुमचा, दुकान तुमचं. नाहीतर व्यापाऱ्याचं."

झालं. पक्केराव त्या दिवसापासून बाईंकडे जाऊ लागले, आणि पहिल्याच पाइपाने त्यांचं नाक कापलं. पाइपाचं लाकूड म्हणजे ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाची गाठ, दगडासारखी कडक. त्यातून त्यांनी आधी बाहेरचा आकार काढला, इतका देखणा की स्वतःच त्याच्यावर खूश झाले. मग धुराचं भोक पाडायला घेतलं, तर गिरमिट तंबाखू भरायच्या वाटीच्या बुडाशी निघायच्या ऐवजी थेट बाजूने बाहेर आलं.

"आधी भोकं, मग आकार," बाई म्हणाल्या. "ठोकळा चौकोनी असतो तेव्हाच तो नीट धरता येतो. भोकं जुळली की त्यांच्याभोवती पाइप कोरायचा. तुम्ही घर बांधून झाल्यावर जिना कुठे घालायचा ते शोधत होतात."

दुसऱ्या पाइपाची भोकं कशी अगदी सुतात जुळली. वाटी गोल, दांडा सरळ, पुढे तोंडात धरायची काळी नळी. पक्केरावांची छाती फुगली. बाईंनी पाइप हातात घेतला, उजेडात धरला, वाटीच्या बुडाशी डोळा लावला आणि मान डोलावली. मग नळी काढायला गेल्या. निघेना. पिळून पाहिली, तरी निघेना. बोटांना फडकं गुंडाळून ओढली. पक्केराव शेजारी उभे राहून मालकाच्या थाटात हसत होते.

"नाही निघायची," ते म्हणाले. "सरस भरलाय. पक्कं काम आहे."

बाईंचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. त्या शांतपणे स्टुलावर बसल्या. "अहो पक्केराव, पाइप रोज उघडावा लागतो. आत ओल साचते, काजळी बसते, ती पुसायला नको? नळी हाताने फिरवून निघाली पाहिजे आणि परत बसली की गळता कामा नये. हा पाइप एकदा ओढायचा आणि फेकून द्यायचा."

पक्केराव तडक घरी गेले. सुटणारा सांधा! जन्मभर जे टाळलं तेच करायचं? बायकोला म्हणाले, "ते काम नाही, थट्टा आहे. मी नाही जाणार."

बायकोने कपडे वाळत घालता घालता विचारलं, "जमत नाही म्हणून नाही, की पटत नाही म्हणून नाही?"

या प्रश्नाचं उत्तर पक्केरावांकडे होतं, पण ते देण्याची त्यांना लाज वाटली. तेव्हा ते गुपचूप परत गेले.

आता त्यांनी सगळी खुन्नस नळीच्या टोकाच्या, दांड्यात शिरणाऱ्या खुंटीवर काढली. घट्ट ठेवली तर लाकूड ओलीने फुगतं आणि दांडा तडकतो. सैल ठेवली तर नळी बोलता बोलता गळून पडते. दांडे तडकले, नळ्या पडल्या, बाई एकेक तुकडा टोपलीत टाकत गेल्या. मग पक्केरावांना एक युक्ती सुचली. त्यांनी खुंटीला पेन्सिलीचं शिसं चोळलं, ती भोकात फिरवली आणि बाहेर काढून पाहिली. जिथे शिसं घासून निघालं तेवढीच जागा काचपेपरने हलकेच टिपली. पुन्हा शिसं, पुन्हा फिरवणं. बाईंनी आपलं स्टूल जवळ ओढलं.

शेवटचा ठोकळा उरला होता. भोकं जुळली, नळी जुळली, आणि वाटी घासताना बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा खळगा उघडा पडला. लाकडाचा जन्मजात दोष. कारखान्यात त्यांनी डोळे मिटून पुट्टी भरली असती. पण वाटी तापणार, पुट्टी उडून येणार, हे आता त्यांना कळत होतं. त्यांनी तेवढी बाजू खळगा जाईपर्यंत उतरवली, मग दुसरी बाजू तिला शोभेल अशी कलती केली. सरळ रेषेखेरीज काही न जाणणाऱ्या माणसाच्या हातून पुढे झुकलेला पाइप निघाला, आणि तो त्यांना भलताच आवडला.

महिनाअखेरीच्या सकाळी व्यापारी मोजपट्टी घेऊन हजर. "थांबा जरा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी अर्धी वाटी तंबाखू भरून काडी ओढली.

पक्केरावांचा जीव टांगणीला लागला होता. बाई घाई करणाऱ्यातल्या नव्हत्याच. धूर बारीक, एकसारखा निघत होता. व्यापारी बाकाची लांबी मोजू लागला, रुंदी मोजू लागला. पक्केराव कान देऊन ऐकत होते, नळीत गुडगुड होतेय का. होत नव्हती. काडेपेटीला बाईंनी पुन्हा हात लावला नाही.

शेवटी त्यांनी वाटी तळहातावर उलटी केली. राख पडली, कोरडी, करडी. मग पाइप बाकावर निवायला ठेवला, कारण गरम असताना नळी काढायची नसते. तो निवेपर्यंत तिघेही बसून राहिले. व्यापाऱ्याने दोनदा घड्याळ बघितलं.

बाईंनी दोन बोटांत नळी धरली, फिरवली. ती अलगद बाहेर आली. परत बसवली, पाइप उलटा धरून झटकला. नळी जागची हलली नाही. बाईंनी पुन्हा एकदा काढली, पुन्हा बसवली. आता त्यांना नुसतीच मजा वाटत होती हे उघड होतं. पक्केरावांना आभाळ ठेंगणं झालं.

"मोजपट्टी आवरा," बाई व्यापाऱ्याला म्हणाल्या. "बाक विकायचा नाही."

"अहो, पण तुमची बोटं चालत नाहीत ना? मग इथे पाइप करणार कोण?"

बाईंनी पक्केरावांकडे पाहिलं.

"मी," पक्केराव म्हणाले. "इथे पाइप मी करतो."