रेघवेलीचं पान

आमची ही कॉलेजात ग्रंथपाल आहे. मुलं तिला पाठीमागे पुरावाबाई म्हणतात आणि ते तिला ठाऊक आहे. कुणी काहीही सांगितलं, की कुठे वाचलंस, कुणी लिहिलंय, कधी, असे प्रश्न येतातच. घरीसुद्धा येतात. बाहेर ढग आलेत म्हटलं, तरी खिडकीशी जाऊन खात्री करून येते. संसार असा चाललाय. आता माझी काही तक्रार नाही.

दर गुरुवारी शेवटच्या तासाला पहिल्या वर्षाची मुलं तिच्याकडे पाठवतात. इंटरनेटवरची माहिती शोधायची कशी आणि तपासायची कशी, हा विषय. मार्क नाहीत, त्यामुळे लक्षही नाही. चाळीस मुलं, नऊ कॉम्प्युटर, त्यातले दोन कायमचे आजारी. मुलं पहिली लिंक उघडतात, वरच्या चार ओळी उतरवतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. घरी आली, की ही चप्पल काढायच्या आधीच खुर्चीत टेकते. घसा बसला, एवढंच सांगते.

अकरा वर्षांपूर्वी, अंगात उत्साह होता तेव्हा, तिने एक युक्ती काढली. स्वतःच एक खोटं पान बनवून इंटरनेटवर टाकायचं आणि मुलांनी ते पकडायचं. 'रेघवेल' नावाची वनस्पती तिने शोधून काढली, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून शोधून काढली. या वेलीच्या पानांची पूड घेतली, की ब्लडप्रेशर कायमचं जातं. पानात तिने मुद्दाम सात चुका पेरल्या. फोटो साध्या मनीप्लँटचा. डॉक्टर कुठेच नसलेल्या विद्यापीठातला. प्रयोग बारा रुग्णांवर आणि बरे झाले चौदा. तारीख एकतीस जून. मी एका छापखान्यात साबण-तेलाच्या लेबलांचा मजकूर लिहितो, तेव्हा एक वाक्य मीही भर म्हणून दिलं : 'रेघवेल रक्ताशी भांडत नाही, रक्ताची समजूत काढते.' त्यावर आम्ही दोघं पोट धरधरून हसलो होतो. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत तिने लिहिलं, की हे सगळं वर्गातल्या सरावासाठी आहे, यातलं काहीही खरं नाही.

सुरुवातीला मुलं पाच-सहा चुका तरी पकडायची. मग आकडा घसरत गेला. यंदा एका मुलीने लिहून दिलं, की माहिती खरी आहे, आणखी तेवीस ठिकाणी सापडली. हिने लाल पेनाने फुली मारली आणि कागद गठ्ठ्यात सरकवला. खरं तर त्या तेवीस ठिकाणी जाऊन बघायला हवं होतं. मुलांना ती हेच तर शिकवते. पण त्या आठवड्यात साठलेले दोनशे कागद तपासायचे होते, आणि दमलेला माणूस फुली मारून मोकळा होतो.

सासूबाई चार वर्षांपासून आमच्याकडे असतात. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून त्यांची तीस वर्षं गेली. आवाज अजून खणखणीत, मतं त्याहून. एका रविवारी सकाळी बाथरूमच्या दारात त्यांना भोवळ आली. मी शेजारीच होतो म्हणून सावरलं. दवाखान्यात मोजलं, तर वरचा आकडा एकशे नव्वद. गोळी चालू आहे ना, असं डॉक्टरांनी विचारताच सासूबाई छताचं निरीक्षण करायला लागल्या. असंच राहिलं तर कधीही अर्धं अंग जाईल, असं डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन सांगितलं.

घरी आल्यावर त्यांच्या कपाटात गोळ्यांची चार पाकिटं सापडली, एकही न फोडलेलं. शेजारी पुडीचा डबा होता, वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीने मागवून दिलेला. मी सवयीने लेबल वाचायला घेतलं आणि पहिली ओळ पुन्हा वाचली. ते माझंच वाक्य होतं. मी डबा हिच्या हातात दिला. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"हे आपलं आहे," ती म्हणाली.

त्या दुपारी ती इंटरनेटवरच्या त्या सगळ्या ठिकाणी जाऊन आली. तेवीसची आता एकतीस झाली होती. प्रत्येकाने तिचं पान उचललं होतं आणि तळाची बारीक ओळ तेवढी गाळली होती. वर तिच्या चुकाही दुरुस्त केल्या होत्या. एकतीस जूनचा तीस जून झाला होता, चौदाचे अकरा. कुणीतरी कुठल्याशा खऱ्या वेलीचा फोटो डकवला होता. मुलांपेक्षा या चोरांनी ते पान जास्त मन लावून वाचलं होतं. मी तसं म्हणालो, पण तिला हसू आलं नाही.

मग तिने आईला सगळं सांगितलं, मूळ पान दाखवलं. सासूबाईंनी चष्मा लावून तळाची ओळ वाचली आणि कायद्याच्या भीतीने असं लिहावंच लागतं म्हणाल्या.

"आई, ते मी बनवलंय. माझ्या मनाने."

"पण तुला सुचलं कुठून? काही असल्याशिवाय असं सुचतं का कुणाला?"

यावर पुरावा कुठून आणायचा? तिने समजावलं, चिडली, एकदा रडलीसुद्धा. सासूबाई गोळी तोंडात धरून बेसिनमध्ये टाकायच्या. डबा मी फेकून दिला, तर दुसरा आला.

प्राचार्यांना तिने स्वतःच जाऊन सांगितलं. ते पान गुपचूप काढून टाका, म्हणजे बभ्रा नको, असा त्यांचा सल्ला. तिने ऐकलं नाही. हे खोटं आहे असं सांगणारं जगात ते एकच पान होतं. ते काढलं, तर बाकीची एकतीस तेवढी राहणार. तिने पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं : हे खोटं मी लिहिलं, गोळ्या बंद करू नका. खाली स्वतःचं नाव, हुद्दा आणि घरचा फोन नंबर.

फोन यायला लागले. चारातले तीन लोक पूड कुठे मिळेल ते विचारायचे. कुणी शिव्या घालायचं. घरात फोन वाजला, की पहिला हात सासूबाईंचा, तीस वर्षांची सवय. त्या ऐकून घ्यायच्या आणि "तुझा," म्हणत रिसीव्हर हिच्याकडे द्यायच्या. ही कॉलेजातून येऊन तेच वाक्य दहा-दहा वेळा म्हणायची. मी तिला इतकं दमलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि लेबलावरच्या माझ्या वाक्याची आठवण झाली की मला स्वतःची लाज वाटायची.

तिसऱ्या आठवड्यात एका माणसाचा फोन आला. सासूबाईच पान लिहिणाऱ्या बाई आहेत असं समजून त्याने सगळं सांगून टाकलं. त्याच्या बायकोने रेघवेलीसाठी गोळ्या सोडल्या होत्या. उजवी बाजू गेली होती, बोलणंही. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी रिसीव्हर हिच्या हातात दिला, पण "तुझा" म्हणाल्या नाहीत. हिने उभ्यानेच पुन्हा सगळं ऐकलं. "मी ते लिहिलं. माझी चूक झाली. मला माफ करा," म्हणाली. पलीकडून फोन ठेवल्यावरही ती तशीच उभी होती.

सासूबाई आत गेल्या आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या.

"पाणी दे. मला अजून पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण रोज कुणाकुणाची माफी मागतेस तू. त्यात माझी नको."