डाव्या गालाचं काम

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. रविवारची संध्याकाळ होती. मोड आलेले वाल परातीत, ती खाटेवर, मी खाली चटईवर. एक वाल दाबायचा, तो टुणकन उडतो, साल हातात राहतं. मध्येच ती म्हणाली, "जरा तोंड वर करा बघू." मी केलं. तिने त्याच बुळबुळीत बोटांनी माझे दोन्ही गाल धरले.

ती घाटकोपरला एका प्लॅस्टिक सर्जनकडे मावशी होती. लादी पुसायची, पेशंटला गाऊन द्यायची, घाबरलेल्यांचा हात धरून बसायची. तिथे फाटलेले कान यायचे, भाजलेले हात यायचे आणि चेहरा वर ओढून घ्यायला आलेल्या बायका यायच्या. बाप्येही यायचे. ती चौथी शिकलेली, मी तिसरी. पण पंधरा वर्षं डॉक्टरचं ऐकून ऐकून तिला सगळं पाठ होतं.

मी सोफे भरायचो. विक्रोळीला माझा गाळा होता. जुना सोफा उघडायचा, आतले पट्टे बदलायचे, फोम घालायचा, वर नवीन कापड मारायचं. चाळीस वर्षं तेच केलं. आता हात थरथरतो म्हणून घरी बसलोय.

"ही पहिली पद्धत," ती म्हणाली आणि कानापुढची माझी कातडी चिमटीत धरून मागे ओढली. "इथे चीर द्यायची, कातडी आतून सुटी करायची, मागे ओढायची, जास्तीची कापून टाके घालायचे."

"नुसतं वरचं कापड? आतलं तसंच ठेवून?"

"हो."

"वर्षात लोंबणार. सगळा ताण शिवणीवर. शिवण रुंद होणार ती वेगळीच."

"डॉक्टर पण हेच सांगतात. म्हणून आता नुसतं तेवढंच करत नाहीत."

मला बरं वाटलं. डॉक्टरचं आणि माझं एक मत, असं रोज होत नाही.

"दुसरी धाग्याची. सुईने आत काटेरी धागा घालायचा नि वर खेचायचा. कापाकापी नाही. दुपारी येतात, संध्याकाळी घरी."

"हा तर कच्चा टाका झाला."

"मग काय तर! तो धागा आत विरघळून जातो. वर्ष टिकलं तर नशीब. पण घरात लग्न असलं की त्याच्यावरच उड्या पडतात."

तिसरी सांगताना तिने दोन्ही तळवे माझ्या गालांवर ठेवून गाल वर ढकलले. कातडीच्या खाली एक पडदा असतो म्हणे. तो वर घेऊन दुमडून शिवायचा. कातडी मग त्याच्यावर नुसती पसरायची, तिला ताण द्यायचाच नाही. मी म्हटलं, "याला म्हणायचं काम." तर ती म्हणाली, याच्याही पुढे काही डॉक्टर त्या पडद्याच्या खाली जातात आणि पडदा, कातडी सगळं एकत्रच उचलतात. ते जास्त टिकतं, ओढल्यासारखं दिसत नाही. पण तोंड हलवणारी नस तिथेच खाली असते. हात मुरलेला लागतो.

"आणि नस दुखावली तर?"

"तर माझ्यासारखं," ती म्हणाली आणि हसली. म्हणजे तिची उजवी बाजू हसली.

अकरा वर्षांपूर्वी कान दुखतो म्हणून झोपली आणि उठली तेव्हा डावं तोंड खाली आलेलं. डोळा मिटेना, ओठाचा कोपरा लोंबलेला. गोळ्या झाल्या, विजेचे शेक झाले. डोळा थोडा सुधारला, गाल नाही. तेव्हापासून चहा पिताना हनुवटीखाली रुमाल. कोणी फोटो काढायला लागलं की पदर डावीकडून वर.

"माझ्यासाठी यातलं एकही चालणार नाही," ती म्हणाली. "बाकीच्यांचं सैल पडलेलं असतं. माझं ओढणारंच मेलंय. नुसतं ताणलं तर परत खाली. डॉक्टर मांडीतून एक पट्टी काढणार. ती आतून इथे बांधणार, ओठाच्या कोपऱ्यापासून गालाच्या हाडाच्या वरपर्यंत."

"पट्टा तुटला की आम्ही नवीन पट्टा मारतो, तसं."

"तसंच. गाल हलणार नाही, पण लोंबणार पण नाही. डॉक्टर म्हणाले, मावशी, तुमचं मी करून देतो." तिने हात पदराला पुसले. "करू का?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो."

ही माझी धंद्याची सवय. गिऱ्हाईक सोफा दाखवायचं, विचारायचं, होईल का? मी कधी तिथल्या तिथे बोललो नाही. कापड उघडल्याशिवाय आत काय सडलंय कळत नाही. पटकन हो म्हटलं की मागून बोंब होते. चाळीस वर्षं सगळ्यांना एकच, उद्या सांगतो. त्याने माझं कधी नुकसान झालं नाही.

"मी काय गिऱ्हाईक आहे तुमचं?"

"असतीस तर कधीच हाकलली असती."

तिने मूठभर सालं माझ्या डोक्यावर टाकली. मग त्या वालांचं बिरडं केलं. तिखट झालं होतं. मी तसं बोललो, तिने ऐकून घेतलं नाही, आम्ही झोपलो.

खरं सांगतो, मी नाही म्हणणार होतो. कारणं बरीच तयार केली होती. साखर आहे, वय झालंय, भूल सोसणार नाही. पण ती सगळी वरवरची. मला त्या तोंडाची सवय झाली होती. दारातून आत आली की मी आधी डावी बाजू बघायचो. उजवी बाजू ती जगाला दाखवायची, खोटं पण बोलायची तिने. डावी कुणासाठी काही करायची नाही. ती नुसती घरी यायची आणि थकलेली असायची. ती बाजू मला माहीत होती. हे तिला कसं सांगणार? म्हणून साखर.

सकाळी पाणी आलं. ती उठून पिंप भरायला लागली. मी पडल्या पडल्या साखरेपासून सुरुवात करायची की वयापासून, याची जुळवाजुळव करत होतो. पाणी पिंपाबाहेर वाहायला लागल्याचा आवाज आला. मी ओरडलो, "नळ बंद कर गं, झोपलीस काय उभ्या उभ्या?" परत ओरडलो. मग उठलो.

ती मोरीच्या कडेला पडली होती. नळ मी बंद केला. आधी नळच बंद केला, हे मला आठवतं. बिल्डिंगमधले डॉक्टर आले, म्हणाले, हार्ट. काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.

मुलगी मुलुंडहून आली. शेजारच्या बायका जमल्या. नवरा जिवंत असताना गेली म्हणून हिरवं लुगडं, मळवट, ओटी, सगळं केलं. एका बाईने पांढऱ्या कापडाची पट्टी फाडली आणि हनुवटीखालून डोक्यावर बांधली, तोंड उघडं पडू नये म्हणून. मग मला बोलावलं.

"काका, बघा तरी. तोंड कसं सरळ झालं."

खरंच झालं होतं. उजवी बाजूपण सैल पडली होती ना. दोन्ही गाल एकसारखे. बायका म्हणत होत्या, किती छान दिसते, किती शांत. मी बघितलं आणि मला ती सापडेना. रेशनच्या लायनीत दिसावी तशी कोणतीही एक बाई. मी म्हणालो, "पट्टी सोडा."

"सोडू नये काका. तोंड उघडं राहतं."

"सोडा म्हणतो ना!"

मुलीने माझा हात धरला. "बाबा, राहू दे ना." मी बाजूला झालो. पट्टी सोडली असती तरी काय, ते वाकडं तोंड परत येणार नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. दुपारी तिला नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदरा घातला. मुलगी म्हणाली, "सुतकात कुठे निघालात? लोक काय म्हणतील?"

"दवाखान्यात."

"मी फोन केलाय त्यांना कालच."

"तू तुझं सांगितलंस. माझं राहिलंय."

दवाखान्यात लादी पुसलेली नव्हती. डॉक्टर उठून उभे राहिले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण मान खाली घालून उभे. मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही. म्हणालो, "तिला काल तुम्हाला उत्तर द्यायचं होतं. ऑपरेशनचं."

"त्यांनी शनिवारीच सही केली, काका."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी खणातून कागद काढला. तिची सही मी ओळखतो, शेवटच्या अक्षराला उगीच शेपूट. शनिवारची तारीख. पट्टीवालंच काम लिहिलं होतं.

"मग मला कशाला विचारलं?"

डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मी त्यांना म्हटलं होतं, मावशी, घरच्यांना विचारा. तर म्हणाल्या, ते आधी उद्या सांगतो म्हणतील. मग नाही म्हणतील. मग मी दोन दिवस बोलणार नाही. मग ते येऊन सही करतील. तुम्ही तारीख धरून ठेवा."

हे असंच झालं असतं. घर घेताना असंच झालं होतं, पोरीच्या लग्नात असंच झालं होतं. आता ते दोन दिवस न बोलणं तेवढं राहिलं. ते आता किती दिवस चालेल कोण जाणे.

"मी नाहीच म्हणणार होतो," मी सांगितलं. "तुम्हाला उगाच चांगलं वाटायला नको."

"बरं," डॉक्टर म्हणाले.

कागदावर तिच्या सहीखाली एक रेघ होती. नातेवाईकाची सही, असं छापलेलं. रिकामी.

"पेन द्या."

"काका, आता त्याची गरज नाही."

"माहीत आहे मला. पेन द्या."

त्यांनी दिलं. मला सही करायला वेळ लागतो, हात थरथरतो आणि अक्षरं एकमेकांत घुसतात. डॉक्टरांनी कागदाचं टोक दाबून धरलं. सही झाल्यावर बाजूला तारखेची जागा होती. मी आज कितवी म्हणून विचारलं, त्यांनी सांगितली. मी दोन दिवस मागची टाकली, रविवारची, आणि पेन परत दिलं.