केशरबाईंच्या पायातलं पाणी

झरीच्या शाळेत केशरबाईंनी बावीस वर्षं खिचडी शिजवली. पोरांना त्यांच्या हातची आमटी आवडायची. दोन वर्षांपूर्वी धाप लागायला लागली, तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली. पण ती घेतली की सारखं उठावं लागायचं. शाळेतला संडास कुलूपबंद. केशरबाई गोळी चुकवायच्या, आणि पाय सुजत जायचे.

नवरा सिद्धोधन गवंडीकाम करायचे. पाथरीला एका शिबिरात त्यांनी पायांची मशीन बघितली. मांडीपर्यंत पिशव्या चढवायच्या, त्यात हवा भरते, पाय दाबले जातात, सूज उतरते. विकणाऱ्यानं शुगर विचारली, वय विचारलं. हृदयाचं विचारलं नाही. सिद्धोधननी सांगितलंही नाही. दुखणं पायांचं होतं. मशीन विकत घेऊन ते घरी आले.

पहिल्या दिवशी घोटे दिसायला लागले.

"लय हलकं वाटायलंय," केशरबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

मग सिद्धोधननी वेळ वाढवली. सकाळी तास, दुपारी तास. चौथ्या दुपारी केशरबाई म्हणाल्या, "आवो, काढा हे. छातीत दाटायलंय."

"अजून दहाच मिनिटं राहिलीत," ते म्हणाले.

दहा मिनिटांनी केशरबाईंना आडवं होता येईना. खोकल्यातून गुलाबी फेस आला. सून नीलमनं शेजारची जीप बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "पायातलं पाणी दाबून वर ढकललं की ते हृदयाकडंच येतं. यांचं हृदय आधीच थकलेलं. ते पाणी फुप्फुसात साचलं."

"म्हंजे माझ्यामुळंच?" सिद्धोधननी विचारलं.

"तसं ठाम नाही सांगता येणार. गोळ्याही चुकत होत्या. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा पेशंटला मशीन लावायला नको होती."

दवाखान्यातच सहाव्या दिवशी केशरबाई गेल्या. शुद्धीवर होत्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुमी चांगल्यासाठीच केलं." सिद्धोधनना ते वाक्य सहन होत नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं, असं ते नीलमला म्हणतात. डॉक्टरांनी सरळ हो म्हटलं असतं तरी बरं. रोज ते त्या दहा मिनिटांवर येऊन थांबतात. थापी हातात धरवत नाही म्हणून काम सोडलंय.

मागच्या महिन्यात देवगाव फाट्यावर तसलंच शिबिर लागल्याचं कळलं. ते एसटीनं गेले. रांगेत सुजलेल्या पायांची एक बाई उभी होती.

"ताई, धाप लागती का? मग आधी डॉक्टरला विचारा. माझी बायको गेली."

बाईनं ऐकून घेतलं. "डॉक्टर परभणीला, भाऊ. कोण नेणार?"

रांग पुढं सरकली. बाईही सरकली. सिद्धोधन तिथंच उभे राहिले. पुढं कुणाला सांगावं, हे त्यांना सुचेना.