झग्याला खिसा

शंभू गुरवाला आखातातल्या सलमाबादेत शंभू म्हणून कोणी हाक मारत नाही. मास्टर! बावीस वर्षं तो शिंप्याच्या मशीनवर बसलाय आणि बावीस वर्षं अरबांचे लांब झगे शिवतोय. डोळे मिटून शिवतो म्हणा ना! डाव्या छातीवर खिसा लावायला तर त्याच्या हाताला त्याची परवानगीही लागत नाही.

आणि तिथंच घात झाला!

वर्गीस नावाचा मल्याळी तरुण उद्या चर्चमध्ये पाद्री होणार होता. त्याचा पांढरा झगा शिवायचं काम शंभूनं अक्षरशः मागून घेतलं होतं. का? तर शंभूचे वडील कुडाळकडच्या रवळनाथाचे गुरव. पोटासाठी पूजेची पाळी चुलतभावाकडे सोपवून हा इकडे आला, ती बोच काही जात नव्हती. देवाच्या कामाला एकदा तरी आपला हात लागू दे, एवढंच त्याचं म्हणणं.

इस्त्री करता करता दुकानातला इक्बाल ओरडला, "मास्टर, ये जेब?"

पाद्र्याच्या झग्याला कुठला आलाय छातीवर खिसा! शंभूचा हात सवयीनं लावून मोकळा झाला होता. खिसा उसवावा, तर तलम कापडावर सुईची भोकं दिसणार. दुसरं कापड तर मफी, शिल्लकच नाही! तेवढ्यात दारात वर्गीस हजर.

"चुकलो हो फादर," शंभू म्हणाला. रडायचाच काय तो बाकी होता.

वर्गीसनं खिशात हात घालून पाहिला आणि खो खो हसत सुटला. "राहू दे, मास्टर! अहो, आमच्या धर्माच्या अगदी सुरुवातीच्या काळात पाद्री वेदीपुढं उभा राहून लोकांची नावं घ्यायचा. असलेल्यांची आणि गेलेल्यांचीही. ही माणसं तुझी, यांना सांभाळ, असं देवाला सांगायचा. मलाही नावांचा कागद ठेवायला जागा हवीच की!"

"आयला, हे तर आमचं गाऱ्हाणं!" शंभू ताडकन उठला. "माझे बाबा घालायचे! एकेकाचं नाव घेऊन देवाला सांगायचे, आणि अख्खा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. परदेशी गेलेल्यांचंसुद्धा नाव घ्यायचे हो! बाबा गेले आणि..." बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत शंभूचं नाव देवापुढं कोणी घेतलं नव्हतं.

वर्गीसनं बिलबुकाचा कोरा कागद फाडला. "मग पहिलं नाव तुमचं. मास्टर नको हं. खरं सांगा."

"शंभू. शंभू गुरव."

वर्गीसनं लिहिलं, कागद खिशात ठेवला आणि तिथंच डोळे मिटले. "देवा, हा शंभू. घरापासून लांब आहे. याला सांभाळ."

"व्हय म्हाराजा!" शंभू असा काही गरजला, की इक्बालच्या हातातली इस्त्री तशीच वर राहिली.