पुढं सरका मंडळी

सोपानअण्णांना रिकामी खुर्ची बघवत नसे. आमच्या नाटकाला जेमतेम अकरा प्रेक्षक असले, तरी पडदा उघडण्याआधी ते शेवटच्या रांगेत उभे राहत आणि एस.टी.त तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या आवाजात ओरडत, “पुढं सरका मंडळी, मागच्यांना येऊ द्या!” मागे कोणीच नसे. तरी लोक मुकाट्याने पुढे सरकत.

पहिल्यांदा ते तालमीला आले, तेव्हा मला वाटलं, गोंगाटाची तक्रार घेऊन आलेत. मी आधीच माफी मागून टाकली. ते म्हणाले, “अहो, बसू द्या नुसतं. जन्मभर मान्सं नेऊन सोडली. उतरल्यावर ती काय करत्यात, कदी बघाया मिळालं न्हाई. इथं दिसतं.” मग त्यांनी एकही तालीम चुकवली नाही.

सावेडीतल्या ज्या शाळेत आम्ही तालमी करायचो, तिथे नवे वर्ग सुरू झाले आणि आम्हाला हॉल सोडावा लागला. दुसरी जागा परवडेना. संस्थेचा सचिव म्हणून मी शेवटची बैठक बोलावली, संस्था बंद करण्यासाठीच. निरोपाचं भाषणही लिहून नेलं होतं. ते अर्ध्यावर आलं असताना अण्णा उठले. “जागा हाय की. माझी. दोन गुंठे.”

ती जागा आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. स्वयंपाकघर कुठे, तुळस कुठे, हे अण्णांनी तिथे चुन्याच्या रेघा मारून ठरवलेलं. नवरा-बायको अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. मी घाबरून त्यांच्या घरी गेलो.

“काकी, तुमचं घर जातंय,” मी म्हणालो.

मालनकाकी चहा गाळत होत्या. “व्हय. पन बांधून त्यात राहनार आमी दोघंच. मीच म्हनलं ह्यांना, मान्सं येतील असं कायतरी बांधू.”

नाटकात कुणी असं पात्र लिहिलं असतं, तर खोटं वाटतं म्हणून मीच कापलं असतं.

अण्णांनी बक्षीसपत्र करून दिलं. विटा, पत्रे इतरांनी दिले आणि हॉल उभा राहिला. उद्घाटनाला मी करायला दिलेल्या पाटीवरचं कापड दूर झालं आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. देणगीदारांच्या नावाआधी आयुष्यभर ‘कै.’ कोरत आलेल्या कारागिराने अण्णांच्या नावाआधीही तेच कोरलं होतं. अण्णा शेजारीच उभे! मी पाटी उतरवायला धावलो, तर ते पोट धरून हसत होते. “राहू द्या हो. तिकीट आगाऊ फाडलंय, एवढंच.” मालनकाकी मात्र आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढे प्रत्येक प्रयोगाला अण्णा त्याच पाटीखाली उभे राहून लोकांना आत घेत. नवखा कोणी पाटी वाचू लागला की म्हणत, “त्यो मीच. चला आत.”

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. शोकसभेला हॉल गच्च भरला, लोक दारात ताटकळले. शेवटच्या रांगेतल्या त्यांच्या खुर्चीवर आम्ही हार ठेवला होता. मी बोलायला उभा राहिलो. तेवढ्यात मालनकाकी उठल्या, खुर्चीवरचा हार उचलून हातात घेतला आणि दाराकडे बघत म्हणाल्या, “पुढं सरका मंडळी, मागच्यांना येऊ द्या.”

अख्खा हॉल डोळे पुसत पुढे सरकला. अण्णांच्या खुर्चीवर एक अनोळखी बाई येऊन बसली.